अनंताची पिवळी पानं

हे प्रकरण मी टाळत आलो. आधीच्या प्रकरणांत गाव आलं, नदी आली, शेतकी शाळा आली, पुढची माती तपासणीची सगळी नोकरी आली, पण रेवाभाभीचं नाव कुठे येऊ दिलं नाही. कोणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, राहून गेलं. राहून गेलेलं नव्हतं. नाव आलं की झाड येणार, झाड आलं की चुना येणार, आणि मग मला थांबता येणार नाही हे ठाऊक होतं. आता आई नाही, दादा नाही, भाभीही नाही. दुखावलं जाईल असं कोणी उरलं नाही म्हणून लिहायला बसलो आहे. यात धाडस काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नंदुरबारच्या आमच्या कॉलनीत मला ‘कुंडीवाले काका’ म्हणतात. सकाळी फाटक वाजतं आणि कोणीतरी मनीप्लांट, जास्वंद नाहीतर ऑफिसातून आणलेलं एखादं शोभेचं झाड कडेवर घेऊन उभं असतं. ज्यांना कुंडी उचलवत नाही ते फोनवर पानाचा फोटो पाठवतात. सगळ्यांची तक्रार एकच, पानं पिवळी पडली. माझा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: जुनी पानं की नवी? खालची जुनी पानं आधी पिवळी होत असतील तर झाड उपाशी आहे, नत्र द्या, म्हणजे चांगलं कुजलेलं शेणखत. पानांच्या कडा करपल्या असतील तर पाण्यातले क्षार बघा, बोअरचं पाणी बंद करा. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, असं जाळीसारखं दिसलं तर लोह मिळत नाही. मातीत लोह असतं, बहुतेक वेळा भरपूर असतं. माती चुनखडीची झाली की ते अडकून बसतं. कोठी भरलेली आणि कुलूप लावलेलं, असा प्रकार. मग मी वाळलेली माती बशीत घ्यायला सांगतो आणि वर लिंबू पिळायला सांगतो. बुडबुडे आले की लोकांना गंमत वाटते. ‘काका, हे सगळं कॉलेजात शिकवलं का?’ असं विचारतात. मी हो म्हणतो. शाळेत शिकवलं हे खरं, पण हे पिवळं पान मी पहिल्यांदा आमच्या घरात पाहिलं, आणि ते मीच पिवळं केलेलं होतं.

आमचं गाव तापीच्या काठाला. घरं गुजर शेतकऱ्यांची, शेतात केळी, कापूस आणि ऊस. घरात गुजरी आणि अहिराणी अशा मिसळून बोलल्या जायच्या की आज मला त्या वेगळ्या काढता येणार नाहीत. इथे मी अहिराणीच लिहितो. नदीवरच्या इंजिनांचा फटफट आवाज दिवसभर चालू असायचा, आणि तो थांबला की माझे वडील, आबा, जेवता जेवता मान वर करायचे. मिरचीच्या दिवसांत उखळाचे ठोके आणि सगळ्या आळीची शिंकाशिंकी. आई दादर ज्वारीची भाकर थापायची ती परातीएवढी, तव्यावर फुगली की तिच्या पापुद्र्याला बोटानं भोक पाडून वाफ सोडायची. सोबत उडदाची डाळ, वर लसणाची फोडणी. संध्याकाळी खिचडी आणि पातळ कढी. नंतर मी पुष्कळ ठिकाणी जेवलो, पण भाकरीतून वाफ निघतानाचा तो बारीक आवाज कुठे ऐकला नाही.

माजघराच्या छपरात एक कौल काचेचं होतं. त्याच्या बरोबर खाली, तेलाच्या कापलेल्या डब्यात, आईचं अनंताचं झाड होतं. ते आईच्या धाकट्या भावानं, माझ्या मामानं, सुरतेहून आणलं होतं. बाहेर लावलं असतं तर आमच्या उन्हाळ्यानं आणि शेळ्यांनी ते ठेवलं नसतं म्हणून ते घरात. पुढच्याच वर्षी मामा तापानं गेला. आईला दुसरा भाऊ नव्हता. राखीच्या दिवशी ती आंघोळ करून झाडापुढे पाट मांडायची, डब्याला कुंकू लावायची, बुंध्याला राखी बांधायची आणि पानाला गूळ लावायची. कोणी हसत नसे. आबा त्या दिवशी झाडाकडे बघून ‘साला जेवना का?’ असं विचारायचे आणि आई त्यांना ‘तुमनाआधी जेवना’ म्हणायची. दोघांचा तेवढाच विनोद होता. झाडाला फुलं आली की सगळ्या घरात वास असे, आणि शेजारची काकी ओट्यावरूनच म्हणायची, ‘काय वं, भाऊ उना वाटस.’

रेवाभाभी ही माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. शहाद्याकडच्या एका गावची. हडकुळी, कामाला चपळ, आणि बोलायला लागली की हात हलवून बोलणारी. लग्नाला बरीच वर्षं होत आली तरी मूल नव्हतं. आईनं तिला त्यावरून सरळ कधी काही म्हटलं नव्हतं, पण दुसऱ्यांच्या बारशाहून आली की ती भांडी जरा जोरात ठेवायची. भाभी मला ‘भाऊजी’ म्हणायची आणि शेतकी शाळेवरून छळायची. ‘भाऊजी, आमनी मेथी कडू का लागस? तुमना पुस्तकमा दखा ना.’ मी पुस्तकी उत्तर दिलं की म्हणायची, ‘आसं व्हय! मी समजनू तुम्ही चाखी.’ मी तिच्या हातची भरलेली मिरची पोटभर खाल्ली आहे, हेही इथेच लिहितो.

मी धुळ्याकडच्या शेतकी शाळेत पहिल्या वर्षाला होतो. दिवाळीला घरी आलो तेव्हा अनंताच्या कळ्या गळत होत्या. थंडी सुरू झाली होती, एवढंच कारण असावं. पण मी तेव्हा नुकताच जमिनीच्या आंबटपणाचा धडा ऐकून आलो होतो. आमच्या मास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं की कोकणासारख्या धो-धो पावसाच्या मुलखात जमीन आंबट होते, तिथे चुना द्यावा लागतो. माझ्या डोक्यात कोकण राहिलं नाही, चुना तेवढा राहिला. आमची काळी माती मुळातच चुनखडीची, विहिरीचं पाणी इतकं जड की डाळ शिजायला वेळ घ्यायची. त्या मातीत चुना घालणं म्हणजे मिठाच्या बरणीत मीठ घालणं. आमच्या आळीतलं शाळेत न गेलेलं कोणीही हे केलं नसतं. हे करायला थोडंसं शिकलेलाच माणूस लागतो.

दिवाळीनंतर आई मामीला भेटायला सुरतेकडे गेली. जाताना मला म्हणाली, ‘झाडले पानी टाकजो भो, तुन्हावरच सोडी जास.’ भाभी तेव्हा पाळीची म्हणून मागच्या पडवीत बाजूला बसलेली होती. ते चार दिवस तिनं माजघरात यायचं नाही, कशाला शिवायचं नाही, असा घरचा नेम. भाकरी टाकायला शेजारची काकी यायची. आबा आणि दादा कापूस वेचणीवर. घर रिकामं होतं आणि मला आईला चकित करायचं होतं. ती परत येईल तेव्हा झाड कळ्यांनी लगडलेलं असेल आणि मग मी सांगेन, असं ठरवलं होतं. रंगकामाचा उरलेला चुना हौदीच्या तळाशी गाळ होऊन बसला होता. तो मी ओंजळीनं काढला, डब्यातली वरची माती उकरली, ढेकळं बोटांनीच फोडली, मिसळलं आणि वर साधी माती पसरून दिली.

बोटं भाजली. चूल फुंकल्यासारखं हातावर फू फू करत मी मागच्या दारी गेलो. भाभीनं पाहिलं. ‘बोटस्ले काय व्हयनं भाऊजी?’

‘काही नही. रंगना चुना लागना.’

‘रंग तं दिवाळीना आधीच व्हई गया,’ ती म्हणाली. मग तिनं कोनाड्यातली खोबरेलाची बाटली घेतली, आमच्या दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवली आणि पुन्हा मागे सरकून बसली. म्हणजे शिवाशिव नको. मी तेल लावलं.

दुसऱ्या दिवशी मित्र सिनेमाला नंदुरबारला निघाले. मी गेलो आणि एका मित्राच्या घरी मुक्कामाला राहिलो. पाण्याचं विसरलो. माजघराच्या मागच्या दारातून भाभीला झाडाची माती कोरडी पडलेली दिसली असणार. तिनं उंबऱ्याबाहेर उभं राहून लोट्यातलं पाणी लांबून डब्यात फेकलं. नेमका त्याच वेळी काकी भाकरी टाकायला आली आणि तिनं ते पाहिलं.

मी सुट्टी संपवून परत गेलो. संक्रांतीला आलो तेव्हा दारातच मला तो रंग दिसला. शेंड्याची सगळी पानं लिंबासारखी पिवळी आणि त्यांत हिरव्या शिरांची जाळी. आई झाडासमोर बसून होती. घरातलं बोलणं कमी झालेलं मला कळलं, कारण भाभीनं मला मेथीबद्दल काही विचारलं नाही. जेवताना काकीनंच विषय काढला. तिला वाईट करायचं होतं असं मला आजही वाटत नाही. तिला फक्त आधी माहीत असल्याचं सुख हवं होतं.

‘मी तं आपला डोयाघाई देखं,’ काकी म्हणाली. ‘बाजूले बसेल व्हती आनि पानी टाकी ऱ्हायनी व्हती.’

आईनं भाभीकडे न बघता विचारलं, ‘पानी कोनी टाकं?’

‘मी टाकं,’ भाभी म्हणाली. ‘झाड सुकी ऱ्हायनं व्हतं. उंबराबाहेरथून टाकं, हात लावा नही.’

‘चार दिन बाजूले बठनं जमनं नही तुले?’

‘मंग मरू देवानं व्हतं का?’

आईनं ताटातला हात काढून घेतला. ‘आते तरी काय व्हई ऱ्हायनं? मन्हा भाऊ मरीच ऱ्हायना ना.’

पाणी टाकायचं काम माझ्याकडे होतं, हे आईलाही आठवलं असतं तर बोलणं माझ्याकडे वळलं असतं. तिला आठवलं नाही आणि मी आठवण दिली नाही. माझ्यासमोर तिळाची पोळी होती, मी ती खात राहिलो. भाभीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. तिला चुना आठवला की फक्त पाणी आठवलं, ते मला कळलं नाही, आणि कळून घ्यायची माझी छाती झाली नाही.

जाताना मी डब्यातली मूठभर माती रुमालात बांधून नेली. शाळेच्या प्रयोगशाळेत ती पाण्यात ढवळून त्यात कागदाची पट्टी बुडवली. पट्टी इतकी गडद निळी झाली की शेजारच्या मुलाला वाटलं मी शाई सांडली. मास्तरांनी पट्टी बघितली, मातीची चिमूट अंगठ्यानं चोळली आणि म्हणाले, ‘ही शेतातली माती नाही. यात कोणीतरी चुना टाकलाय. का रे, कुठली?’ मी म्हणालो, शेजारच्यांची. त्यांनी उपाय सांगितला. माती बदला, नदीचा गाळ आणि पालापाचोळ्याचं खत घाला, विहिरीचं चुनखडीचं पाणी देऊ नका, आणि लोहाचा क्षार, हिराकस, अगदी पातळ करून पानांवर फवारा, म्हणजे मुळांशी अडकलेलं लोह पानांतून मिळेल. मी सगळं नीट ऐकलं. झाड बरं झालं की घरातलं बोलणंही आपोआप बरं होईल, मग सांगायची गरजच राहणार नाही, असा हिशेब मी तिथेच मनात केला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चुकीचा हिशेब तोच.

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात. गावात निंबाला झोके बांधले होते, माहेरी आलेल्या मुलींची गाणी दुपारभर ऐकू यायची, आणि आमच्या घरातून भाभी तिच्या माहेरी गेली. तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला होता. ती डोक्यावरचा पदर नीट करत गाडीत बसली आणि मला म्हणाली, ‘भाऊजी, झाडले दखज्यात.’ नेहमी दादा पंधरवड्यानं जाऊन तिला घेऊन यायचा. या वेळी आई म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे थोडा दिन.’ दादा शेतात गेला.

मी उन्हाळी सुट्टीवर होतो. आई दुपारी मळ्यात गेली की मी कामाला लागायचो. डबा मागच्या अंगणात नेऊन मुळं न दुखवता जुनी माती धुऊन काढली. तापीचा गाळ आणला, वडाखालचा कुजलेला पाला आणला. प्यायला घरात विहिरीचं पाणी होतं, पण झाडासाठी मी नदीवरून कळशी आणत होतो. हिराकस नंदुरबारच्या एका दुकानातून आणला आणि कापडानं पानं पुसावीत तसा पातळ करून लावला. आईला सांगितलं, पानांवरची धूळ पुसतो. पावसाळ्याच्या तोंडावर पहिलं हिरवं पान आलं. हात लावून पाहावं असं हिरवं. मग दुसरं आलं, मग फांदीच्या फांदी. आज इतकी झाडं बघितल्यावर मी सांगू शकतो की ते काम मी उत्तम केलं होतं. एवढं नीट काम मी नोकरीतही क्वचित केलं.

एके दिवशी आई माजघरात उभी राहून झाडाकडे बघत होती. आबा आणि दादा जेवायला बसले होते, मी त्यांच्या शेजारी. दादानं खाली मान घालून सांगितलं की तो उद्या रेवाला आणायला जातोय. आईनं झाडावरची नजर काढली. ती माझ्याकडे वळली.

‘देख भो,’ ती म्हणाली, ‘ती आठे व्हती तवय झाड पिवळं. ती गयी आनि हिरवं व्हई गयं. मी खोटं बोली ऱ्हायनू का? तू शिकेल शे. तूच सांग.’

आबांनी घास थांबवला. दादानंही मान वर केली. आज इतक्या वर्षांनी मला कळतं की त्या घरात त्या क्षणी माझ्याइतकं वजन कोणाच्या बोलण्याला नव्हतं. आबा आईशी वाद घालत नसत. दादाला उत्तर हवं होतं, आणि माझ्या तोंडून ‘नाही’ निघालं असतं तर तो सकाळी निघाला असता. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की माय, चुना मी टाकला. पण मग तिच्या भावाला मी मारायला निघालो होतो असं झालं असतं. झाड मी बरं केलं हेही सांगता आलं नसतं, आणि खरं म्हणजे तेही सांगायची हौस होती. या सगळ्याच्या मधोमध मी म्हणालो, ‘आसं व्हई सकस.’

बस, एवढंच. असं होऊ शकतं. शिकलेल्या माणसाची खास भाषा. खोटंही नाही आणि खरंही नाही. आईनं मान हलवली आणि मला वाढायला लागली. दादा हात धुवायला उठला तो ताट तसंच टाकून. सकाळी तो गेला नाही, त्यानंतरही गेला नाही. राखीला आईनं झाडाच्या बुंध्याला नवी राखी बांधली, मी पाट मांडून दिला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते मी पाहिलेलं नाही, शाळेत असताना ऐकलेलं आहे. दोन्हीकडची चार माणसं बसली आणि फारकत झाली. दादाचं दुसरं लग्न झालं. नवी भाभी चांगली होती, तिला मुलं झाली, त्यांतला धाकटा आज आमची शेती बघतो. त्या मुलांचा मी लाडका काका. त्यांच्याकडे बघताना मला कधीकधी वाटायचं, जे झालं ते बरंच झालं म्हणावं. पण तसं म्हणायचा अधिकार मला नव्हता. रेवाभाभीनं पुन्हा लग्न केलं नाही. दादा शेवटच्या आजारपणात एकदा मला म्हणाला, ‘तिनं पानी टाकं नसतं तं झाड सुकी गयं असतं ना रे?’ मी म्हणालो, हो. त्यालाही मी पुढचं सांगितलं नाही.

नोकरीत असताना एकदा माती तपासणीच्या कामासाठी भाभीच्या माहेरगावी जाणं झालं. मी ते टाळू शकलो असतो, टाळलं नाही. शेतकऱ्यांना जमवून नमुना कसा घ्यावा ते दाखवायचं होतं. तिचा भाऊ गर्दीत होता, त्यानं मला ओळखलं आणि ‘साहेब, चहा पी जा’ म्हणून घरी नेलं. त्याच्या जागी मी असतो तर मी नेलं नसतं. भाभीनं चहा आणून दिला. केस पांढरे झाले होते, पण चाल तीच, चपळ. पदर नीट करून ती समोर खाली बसली.

‘घरमा सगळा बरा शेत ना?’

‘बरा शेत.’

‘माय?’

‘माय गयी मागला साल.’

तिनं बशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, ‘मन्हावर लई राग व्हता तिना. पन भाऊनं दुःख व्हतं ना तिले. मी समजी लेस.’

मी बशीत चहा ओतला. वाटेत जीपमध्ये मी वाक्य ठरवून आलो होतो. त्यात अवघड शब्द एकही नव्हता. तिचा भाऊ तेवढ्यात विचारायला लागला की त्यांच्या मळ्यात केळीची पानं पिवळी पडतात, काय करावं. मी त्याला विचारलं, जुनी की नवी. तो म्हणाला, नवी. मग मी त्याला लोह, चुनखडी, हिराकस, सगळं समजावून सांगितलं, कागद मागून प्रमाणही लिहून दिलं. भाभी शेवटपर्यंत ऐकत बसली होती. चुना हा शब्द मी तिच्यासमोर कितीदा उच्चारला असेन. ती उठली, कप उचलले आणि आत गेली. जीपच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी तिच्या भावाला नमस्कार केला आणि आतल्या दाराकडे बघत म्हणालो, ‘येस मी, भाभी.’ आतून ती म्हणाली, ‘या.’

दोन वर्षांपूर्वी नंदुरबारच्या मिरची बाजारात त्या गावचा एक माणूस भेटला, त्याच्याकडून ती गेल्याचं कळलं. घरी येऊन मी कोणाला काही सांगितलं नाही. जीपमध्ये ठरवलेलं वाक्य अजून पाठ आहे. ते असं होतं: भाभी, झाडले चुना मी टाकेल व्हता, तुम्ही फक्त पानी टाकं, आनि माले विचारं तवय मी खरं बोलनू नही, माले माफ करा.